कमानीवरची अक्का

नागपूरला विद्यापीठाच्या एका इमारतीच्या दारावर, कमानीच्या पोटात, दगडाची एक बाई उभी आहे. एका हातात पोथी, दुसऱ्या उंचावलेल्या हातात दिवा. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ती विद्या आहे. तिच्यासाठी माझी मोठी बहीण दोन महिने बुलढाण्याला आमच्या मागच्या पडवीत एका खोक्यावर उभी होती. हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली, म्हणून लिहून ठेवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठं कोर्ट, मोठे साहेब, मोठं शिक्षण, सगळं नागपूरला. बाबा बुलढाण्याला हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. तरुणपणी दोन वर्षं मुंबईला चित्रकला शिकून, आजोबा गेले म्हणून अर्ध्यातून परत आलेले. शाळेत ते मुलांकडून घडे, केळी आणि पायऱ्या काढून घ्यायचे. घरी मात्र त्यांचे हात मातीत असत. पोळ्याला गल्लीतल्या साऱ्या घरांचे मातीचे बैल तेच करून देत. एकदा बाजाराला आलेला एक शेतकरी ओसरीवरचा असा बैल हातात घेऊन म्हणाला होता, "मास्तर, हा बैल थकून राह्यला." बाबा ते वाक्य पुढं कितीतरी दिवस सांगत होते.

मी दहा वर्षांची असेन, अक्का सोळाची. त्या माघात बाबांच्या मुंबईच्या एका वर्गमित्राचं पत्र आलं. तो नागपूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या कामावर होता. विद्यापीठाची नवी इमारत उठते आहे, दारावर विद्येची मूर्ती बसवायची आहे, प्रांतातल्या कोणाही जाणकारानं नमुना करून पाठवावा, पसंत पडला तर त्यावरून कारागीर दगडात घडवतील, असं त्यात होतं. बाबांनी ते पत्र जेवताना आम्हाला वाचून दाखवलं.

माय म्हणाली, "विद्या म्हंजे सरस्वतीच ना? मंग मोर काढा, वीणा काढा."

"देवी नाही करायची. प्रतीक करायचं हाय," बाबा म्हणाले. "अशी बाई, की जिले पाहून माणसाले शिकावं वाटलं पाह्यजे."

"अशी बाई कोठी भेटते?"

अक्का तेव्हा बाबांच्या ताटात भाजी वाढत होती. बाबांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहतच राहिले. भाजीची पळी धरलेला हात तसाच हवेत राहिला.

"असाच ठेव," बाबा म्हणाले. "हालू नोको."

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मातीची दोन घमेली आली. पडवीत एक उपडं खोकं मांडलं, त्यावर अक्का उभी. पोथी म्हणून डाव्या हातात माझं शाळेचं पुस्तक, दिवा म्हणून उजव्या हातात घरातला कंदील. काच काढलेला, तेल ओतून घेतलेला. कंदिलाच्या कडीची तार एका जागी निघाली होती, ती टोचायची म्हणून अक्का करंगळी बाजूला काढून धरायची. बाबांनी ती करंगळीही तशीच मातीत उतरवली. हात अवघडू नये म्हणून त्यांनी आढ्याला एक दोर बांधून त्याचा फासा तिच्या मनगटाखाली दिला होता. शाळा सुटून बाबा आले की दिवेलागणीपर्यंत हे चालायचं. माघाची बुलढाण्याची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. अक्काच्या हातावर काटा उभा राहायचा. माय मधूनच येऊन तिच्या पायांवर घोंगडी टाकून जायची.

"ही विद्या म्हणता ना? मंग तिले एक चहा तरी पाजा," असं ती बाबांना सुनवायची.

माझं काम अक्काला कंटाळा येऊ न देण्याचं होतं. मी खाली पोत्यावर बसून माझे धडे मोठ्यानं वाचायचे. अक्काची शाळा चौथीलाच सुटली होती. आमच्या मुलींच्या शाळेत पुढचे वर्गच नव्हते, आणि पुढं हायस्कुलात मुलगी घालावी असं तिच्या वेळी कोणाच्या मनातही आलं नाही. सहा वर्षांत वारं थोडं बदललं. गावातल्या एका वकिलाच्या दोन मुली हायस्कुलात बसू लागल्या आणि बाबांनी ठरवलं, की मलाही घालायचं. त्यासाठी ते माती लावता लावता मला इंग्रजी शिकवत. शब्द विचारायचे, मी स्पेलिंग सांगायचं.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "नाईफ."

मी म्हणाले, "एन, आय, एफ, ई."

"चूक. पुन्हा."

मी पुन्हा तेच सांगितलं. बाबा काही बोलणार तेवढ्यात खोक्यावरून, ओठ जवळजवळ न हलवता, अक्का म्हणाली, "आधी के हाय."

बाबांचा हात थांबला. त्यांनी तिला दुसरा शब्द विचारला. तिनं सांगितला. तिसरा विचारला, तोही सांगितला. मग चौथा, पाचवा. मी दोन महिन्यांत जेवढं चुकत माकत शिकले होते ते सगळं तिच्यापाशी नीट होतं. तिनं कधी इंग्रजी अक्षर गिरवलं नव्हतं. फक्त उभ्या उभ्या ऐकलं होतं. बाबांच्या बोटांवरची माती वाळायला लागली तरी ते तसेच उभे. मला वाटलं, आता ते तिला खाली उतर म्हणतील, जवळ घेतील, काहीतरी म्हणतील.

"मान थोडी उजवीकडं," ते म्हणाले. "हालू नोको."

तिचं लग्न तोवर ठरलेलं होतं.

डोणगावचं स्थळ होतं. मेहकर तालुक्यातलं मोठं गाव, घरची भरपूर शेती, मुलगा पाहायला चांगला, वागायला शांत. नाव ठेवायला जागा नव्हती. फाल्गुनात नमुना पुरा झाला. बाबांनी प्लॅस्टरमध्ये ओतून काढला. हातभर उंचीची ती पांढरी अक्का आमच्या देवळीत चार दिवस उभी होती. रुंद नाक, दाबून धरलेले ओठ, भुवईतली लहानपणी पडल्याची खोक, सगळं तिचं. गल्लीतल्या बाया पाहायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या, "अवं, ही तर आपलीच पोरगी!" नंतर कापसात आणि कडब्यात गुंडाळून, पेटीत घालून बाबा ती मलकापूर स्टेशनापर्यंत स्वतः घेऊन गेले. महिन्या-दीड महिन्यानं वैशाखात अक्का बैलांच्या दमणीत बसून चिखलीच्या रस्त्यानं डोणगावला गेली. निघताना ती रडली नाही. दमणीच्या मागच्या कापडातून तोंड बाहेर काढून तिनं मला विचारलं, "आज कोणता धडा हाय वं तुह्या?" मला सांगता आलं नाही. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या.

पावसाळ्यानंतर नागपूरहून पत्र आलं. नमुना पसंत झाला होता. बाबांनी घरात पेढे वाटले, पण ते पत्र कोणाला वाचून दाखवलं नाही. मूर्ती बसल्याचं पुढच्या वर्षी कळलं. वर्गमित्रानं या म्हणून कळवलं होतं, तरी बाबा नागपूरला गेले नाहीत. कधी परीक्षा आड आली, कधी सर्दी. अक्का माहेरी आली की विचारायची, "बाबा, बसली का वो मी तठी?"

"बसली असंन," बाबा म्हणायचे आणि उठून बाहेर जायचे.

मी मॅट्रिक झाले तेव्हा हायस्कुलात आम्ही चौघी मुली होतो. नागपूरला मायचा भाऊ कारकून होता. त्याच्याकडे राहून मी कॉलेजात जावं असं बाबांनी ठरवलं. घरच्या लोकांनी नावं ठेवली, आत्यांनी बोलणं टाकलं, बाबा ऐकून घेत राहिले. राजूरच्या घाटातून मोटारीनं मलकापूर आणि तिथून आगगाडी. नागपुरात पोचल्यावर सामान मामांच्या घरी टाकलं आणि मामींना विचारून तशीच त्या इमारतीचा रस्ता धरला.

मूर्ती फार उंचावर होती. डावीकडे कापसाचं झाड धरलेला शेतकरी, उजवीकडे विणकर, ते दुसऱ्या कोणी केलेले. मधली आमची. मी मान मागं टाकून पाहिलं आणि पहिल्यांदा वाटलं, इमारत चुकली. चेहरा अक्काचा नव्हता. सरळ टोकदार नाक, पातळ ओठ, डोळ्यांत बाहुल्या नाहीत. सुंदर होता, पण त्या चेहऱ्यात कोणी राहत नव्हतं. मग दिवा धरलेला हात दिसला. मनगटाचा तो फाशावर टेकल्यासारखा बाक, आणि बाजूला काढलेली करंगळी. दगड घडवणाऱ्यानं ती का तशी आहे हे न विचारता जशीच्या तशी उतरवली होती.

मी तिथे पायरीवर बसून रडले. आसपास मुलं होती. एकानं विचारलं, "क्या हुआ, बहनजी? नापास झाला का?"

आठ दिवसांत अक्काचं पत्र आलं. तिनं तोडक्या अक्षरात लिहिलं होतं, "तू पाह्यलं असशीन. मले सांग, तोंड माह्यासारखंच हाय ना?" पत्र माझ्या हातात होतं आणि डोळ्यांसमोर तिचं डोणगावचं घर. सासूचं दुखणं, पहिलं बाळंतपण, रोजच्या पंधरा माणसांच्या भाकरी. मी लिहिलं, "हाव अक्का. तुह्यंच तोंड हाय. भुवईची खोकसुद्धा."

एकदा लिहिलं आणि मग सुटका राहिली नाही. तिच्या पत्रांत प्रश्न यायचे. मूर्तीचं तोंड कोणत्या दिशेला आहे? पावसाचं पाणी अंगावर येतं का? पोरं वर पाहतात का? कबुतरं बसतात का डोक्यावर? मी प्रत्येक प्रश्नाचं पानभर उत्तर लिहायचे. सकाळचं ऊन आधी दिव्यावर पडतं, मग गालावर येतं. परीक्षेच्या दिवशी काही मुलं जाता जाता हात जोडतात. पावसात तिच्या लुगड्याच्या चुण्या काळ्या पडतात. यातलं पुष्कळ खरं होतं. फक्त ज्या गालावर ऊन पडत होतं तो गाल तिचा नव्हता. हळूहळू मूर्तीच्या निमित्तानं बाकीचंही लिहू लागले. आत काय शिकवतात, आज कोणती कविता झाली, पृथ्वीच्या पोटात काय असतं, राजांच्या लढाया का झाल्या. कॉलेजात माझ्या 'मले-तुले'ला मुली हसत, त्यामुळे मी तिथे पुस्तकातलं बोलायला शिकले होते. अक्काला लिहिताना मात्र हात मोकळा सुटायचा.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबा मला चिखलीच्या रस्त्यावर फिरायला घेऊन गेले. गाव मागं पडेपर्यंत ते नुसते चालत राहिले. मग म्हणाले, "पाह्यलं?"

"हाव."

"मंग?"

"हात अक्काचाच हाय, बाबा."

त्यांनी मान हलवली. "नागपूरहून त्याईनं लिहलं होतं मले. चेहरा कोणा एका गावच्या पोरीचा नोको, सगळ्याईचा वाटला पाह्यजे. मी हो म्हणून कळवलं." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "तिले काय लिहलं तू?"

"तोंड तिचंच हाय म्हणून."

ते थांबले. रस्त्याच्या कडेच्या बाभळीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं रागावतील. पण ते एवढंच म्हणाले, "खोक्यावरून खाली उतरवाले पाह्यजे होतं तिले. त्या दिवशी." कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. मलाही तो दिवस आठवत होता.

अक्काला मूर्ती पाहायची होती. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी दुसरं बाळंतपण, कधी सासूचं आजारपण, कधी ऐन वेचणी. "औंदा नक्की येतो" असं तिच्या पत्रात असायचं. एकदा तर ती मेहकरपर्यंत येऊन परत गेली, कारण मागून निरोप आला की सासरे पडले. त्या पत्रात तिनं लिहिलं होतं, "मोटार डोळ्यांनं पाह्यली, तेवढं झालं."

माझ्या तिसऱ्या वर्षाला बाबा आजारी पडले. माझी परीक्षा तोंडावर, म्हणून मला कोणी कळवलं नाही. अक्का डोणगावहून येऊन तीन आठवडे त्यांच्या उशाशी होती. मी पोचले तेव्हा बाबा बोलण्यापलीकडे गेले होते. अक्कानं मला दारातच धरलं आणि म्हणाली, "तुही लई वाट पाह्यली त्याईनं." ती तीन आठवडे बाबांपाशी काय बोलत होती, ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं पुढं पुष्कळदा वाटलं.

बाबा गेल्यानंतर तिची पत्रं कमी होतील असं मला वाटलं होतं. उलट वाढली. पुन्हा मूर्तीबद्दलच. थंडीत धुकं पडतं तेव्हा दिसते का? पालखी-मिरवणूक खालून गेली तर कशी दिसत असंन? मी लिहीत राहिले. खोटं आता इतकं सवयीचं झालं होतं की लिहिताना मलाही वरचा चेहरा तिचाच दिसायचा.

पुढच्या वर्षी बी.ए.चा निकाल लागला, त्या हिवाळ्यात ती खरंच आली. भाऊजींना नागपूरला शेतकी प्रदर्शन पाहायचं होतं, बियाणं पाहायचं होतं. त्यांनी स्वतःहून तिला म्हटलं, "चाल, तुले तुही बहीण दाखवतो." वाटेत शेगावला उतरून दर्शन घेऊन ती दोघं आली. स्टेशनवर मी तिला पाहिलं. ती वाळली होती. हातांची कातडी जाड झाली होती. पण डब्यातून उतरताच तिनं पहिलं वाक्य म्हटलं ते हेच, "आधी तठी."

"घरी जाऊन चहा घे, मंग जाऊ," मी म्हणाले. मला वेळ हवा होता. सारी रात्र मी काय सांगायचं याचा विचार करत होते. त्यांनी चेहरा बदलला, डागडुजी झाली, वीज पडली, काहीही.

"चहा कुठी पळून जाते?" अक्का म्हणाली.

टांगा त्या इमारतीसमोर उभा राहिला. सकाळचे दहा वाजले असतील. मुलं आत चालली होती. अक्कानं डोक्यावरचा पदर सावरला, टांग्यातून उतरली आणि फाटकाच्या आत चार पावलं जाऊन वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. भाऊजींकडे पाहत राहिले. ते शेतकऱ्याच्या हातातलं कापसाचं झाड न्याहाळत होते आणि म्हणत होते, "बोंडं बरोबर काढले हायेत."

अक्का खूप वेळ पाहत होती. मग म्हणाली, "लई उंच हाय वं."

"हाव."

"नाक माह्यं नोहे."



तिनं आपला उजवा हात हळूच वर केला. भर वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या मध्ये, पदर घेतलेली ती बाई हात उंचावून उभी राहिली. मनगट तसंच वळलं. करंगळी आपोआप बाजूला गेली. भाऊजी वळून बघू लागले.

"काय करून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"पाहून राह्यली," ती म्हणाली. "हात माह्याच हाय."

मग मी सांगायला सुरुवात केली. "अक्का, मी तुले..."

"मले ठावं होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"बाबांनं सांगतलं. दुखण्यात. म्हणे, तुह्यं तोंड त्याईनं ठेवलं नाही पोरी, आन् मी हो म्हणलो. लई रडले. मी म्हणलं, हात तर ठेवला ना. मंग झोप लागली त्याईले."

मी हिशेब केला. पावणेदोन वर्षं. बाबांच्या नंतरची सगळी पत्रं. धुकं, पालखी, सगळं.

"मंग मले काऊन इचारत होती तू?"

अक्का हसली. तिला हसताना मी खूप वर्षांनी पाहत होते. "इचारणं बंद केलं असतं तर तू काय लिहलं असतं? खुशाल आहे, खुशाली कळव. चार वळी." ती पुन्हा वर पाहू लागली. "त्या दगडाच्या मागून तू मले समदं सांगत होती. कालिजात काय शिकवलं ते. मी भाकरी टाकता टाकता मनात घोकत होतो. तू लई चांगलं लिहते वं."

मी तिचा हात धरला. तो अजून थोडा वरच होता.

तिला आत जायचं होतं. सुट्टीचा दिवस नव्हता, पण शिपाई भला होता. त्यानं एका रिकाम्या वर्गाचं दार उघडून दिलं. अक्का पहिल्या बाकावर बसली नाही. मागं, खिडकीपाशी जाऊन बसली. फळ्यावर आदल्या तासाचं काहीतरी इंग्रजीत राहिलं होतं. ती ते वाचायचा प्रयत्न करत होती. ओठ हलत होते. भाऊजी दाराशी चपला हातात धरून उभे, देवळात उभे राहावं तसे. पाचएक मिनिटं झाल्यावर शिपाई खोकला. अक्का उठली, बाकावरून एकदा हात फिरवला आणि आम्ही बाहेर आलो.

दोन दिवस राहून ती गेली. त्यानंतर तिच्या पत्रांत मूर्तीचा विषय कधी आला नाही. ती सरळ विचारू लागली, पुढं काय झालं त्या राजाचं, ग्रहण कसं लागतं. मला अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. वर्गात एखादा धडा शिकवायच्या आधी मी तो तिला लिहून पाठवायचे. तिला कळला तर मुलींना कळेल, अशी माझी खात्री असायची. असं चार वर्षं चाललं.

मग एका श्रावणात तिला ताप आला. सहा दिवसांत ती गेली. तार मला उशिरा मिळाली. नद्यांना पूर, मोटारी बंद. मी डोणगावला पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता.

घरात बायांनी मला जवळ घेतलं, रडल्या, आणि कामाला लागल्या. भाऊजी मला घेऊन शेतात गेले. पाऊस उघडला होता. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. बांधावर एक लिंब होता, त्याखाली ते बसले, मीही बसले. 

मग ते म्हणाले, "लई हासे ती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या आठवणीतली अक्का फार हसणारी नव्हती. "कायले हासे?"

"कायलेबी. बैल आडला का हासे. मी पागोटं उलटं बांधलं का हासे. पाऊस आला आन् वाळवण भिजलं, समद्या बाया बोंबलून राह्यल्या, हे उभी हासून राह्यली." त्यांनी बांधावरचं गवत उपटलं. "गाणं म्हणे. तुमाले मालूमच असंन."

मला मालूम नव्हतं. आठ-नऊ वर्षांत मी तिला शेकडो पानं लिहिली होती. ऊन कुठं पडतं, धुक्यात काय दिसतं, पृथ्वीच्या पोटात काय आहे. पण तिच्या डोणगावात ऊन कुठं पडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला कोणती भाजी आवडू लागली होती, शेजारणींत कोणाशी पटायचं, ती कोणतं गाणं म्हणायची, मला काही ठाऊक नव्हतं. तिनं विचारायचं आणि मी सांगायचं, असंच आमचं ठरून गेलं होतं. तिची उत्तरं ऐकायची तहान मला त्या लिंबाखाली लागली, आणि तेव्हा ती नव्हती.

"कोणतं गाणं म्हणे?" मी भाऊजींना विचारलं.

ते लाजले. मान खाली घालून त्यांनी एक ओळ गुणगुणली, जात्यावरची, अर्धी, चाल चुकलेली. मग थांबले. "मले नाही येत बरोबर. तिच्या तोंडून आयकाले पाह्यजे होतं."

"आनखी सांगा, भाऊजी. पहिल्यापासून सांगा. दमणीतून उतरली त्या दिवसापासून."

मला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, शाळेत तसं कळवलेलं होतं. भाऊजींनी दूर मेहकरच्या बाजूला भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं, उठले, धोतराची माती झटकली.

"सांगतो," ते म्हणाले. "पण एका दिवसात नाही होत ते. चाला, आधी जेवून घ्या."

मी तिथे आणखी पाच दिवस राहिले.